चौदा नियमांतलं 'वाहन' आणि आमची पद्मिनी



सकाळी चौदा नियम घेताना सचित्त, द्रव्य, विगई करत आपण 'वाहन'पाशी येतो. बहुतेक जणी "दोन-तीन" असं मनात म्हणून पुढे सरकतो. माझ्या सासूबाई मात्र तिथे थांबायच्या. "आज वाहन बंद" किंवा "आज एक मोटार, मंचरपर्यंत" असं स्पष्ट ठरवूनच पुढचा नियम घ्यायच्या. 'दिशा' हाही त्याच चौदांतला नियम. म्हणजे कशात बसायचं आणि कुठवर जायचं, दोन्हींना मर्यादा.

परवा नातवाने विचारलं, "आजी, तुमच्या त्या जुन्या गाडीचं ॲव्हरेज किती होतं?" त्याला वाटलं मी हसून सोडून देईन. मी कपाटातून लाल कापडी बांधणीची वही काढून त्याच्यापुढे ठेवली. तारीख, किलोमीटरचा आकडा, पेट्रोल किती लिटर, रुपये किती, असे चार रकाने, सगळे माझ्या अक्षरात. ती वही चाळताना आमच्या प्रीमियर पद्मिनीचा इतिहास लिहावा असं वाटलं. त्यात एक गोष्ट अशीही आहे जी मी आजवर कुठे लिहिली नाही.

सुरुवात सोलापूरपासून करते, कारण ही गाडी मुळात आपल्या समाजातल्या माणसाचं स्वप्न होती. शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म १८८२ सालचा, सोलापूरचा. घराणं दिगंबर हुमड, मूळ गुजरातचं. घरचा धंदा सावकारीचा आणि कापसाचा. वालचंदांचं मन त्यात रमलं नाही. लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या माजी कारकुनाबरोबर भागी करून त्यांनी रेल्वेची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली. पुढे बोरघाटातले रेल्वेचे बोगदेही त्यांच्या कंपनीने खोदले. ५ एप्रिल १९१९ला त्यांच्या सिंदिया कंपनीचं 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून इंग्लंडला निघालं. आज तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. १९४०मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना, १९४१मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीची गोदी. आपल्याच जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगरही त्यांचंच. आणि लहानपणी ज्या रावळगावच्या गोळ्या आपण खाल्ल्या, त्याही त्यांच्याच घराण्याच्या.

मोटारीचा कारखाना मात्र त्यांना सहज मिळाला नाही. देशात मोटार बनावी असा आग्रह सर विश्वेश्वरय्या १९३०च्या दशकापासून धरत होते. वालचंदांनी अमेरिकेत फोर्डशी बोलणी केली, ती फिसकटली. क्रायस्लरशी जमलं. तोवर महायुद्ध सुरू झालं होतं आणि इंग्रज सरकारने या कारखान्याला पाठबळ दिलं नाही. अखेर १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला उभा राहिला आणि १९४७मध्ये तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. आधी त्या क्रायस्लरच्या होत्या. १९५४पासून इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही गाडी तिथे तयार होऊ लागली. वालचंदशेठना ती पाहायला मिळाली नाही. १९५३च्या एप्रिलमध्ये त्यांचं निधन झालं होतं.

त्या पहिल्या गोलमटोल फियाटला आपल्याकडे लोक 'डुक्कर फियाट' म्हणायचे. जैन घरात हे नाव उच्चारायला बरं वाटत नसे, म्हणून माझे सासरे तिला 'गोल फियाट' म्हणत. तिचे पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडायचे. साडी नेसलेल्या बाईला त्यातून उतरणं उलट सोपं जाई, असं जुन्या बायका सांगत. मग सिलेक्ट आली, सुपर सिलेक्ट आली, १९६४मध्ये डिलाइट आली. याच डिलाइटच्या सांगाड्यावरून पुढची सगळी मॉडेलं निघाली. १९७०च्या दशकात नाव आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झालं आणि १९७४पासून 'प्रीमियर पद्मिनी', चितोडच्या राणीच्या नावावरून.

फियाटची एक गोष्ट घर चालवणाऱ्या प्रत्येक बाईने लक्षात ठेवावी अशी आहे. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना मुलांच्या आग्रहावरून त्यांनी फियाट घ्यायचं ठरवलं. किंमत १२,००० रुपये. खात्यात होते ७,०००. उरलेल्या ५,०००चं कर्ज त्यांनी पंजाब नॅशनल बँकेतून काढलं. कर्ज फिटायच्या आत ताश्कंदला त्यांचं निधन झालं. ते कर्ज ललितादेवींनी आपल्या पेन्शनमधून फेडलं.

आता आपल्या भागाकडे येते. जुन्नर-आंबेगावला रस्त्याचा इतिहास दोन हजार वर्षांचा आहे. नाणेघाट कोरून काढला तो कल्याणच्या बंदरातून येणारा माल जुन्नरला चढवण्यासाठी. त्या वाटेने व्यापारी आले, बौद्ध भिक्षू आले आणि आपलेही लोक आले. मानमोडीच्या डोंगरातल्या अंबा-अंबिका लेण्यांत मुळात बौद्ध असलेल्या एका लेण्यात नंतर जैन मूर्ती कोरल्या गेल्या. त्यांत नेमिनाथ भगवान आणि त्यांची यक्षिणी अंबिका आहेत. लेण्यांना नाव तिच्यावरूनच. मात्र एवढ्या जुन्या बाजारपेठेला रेल्वे काही मिळाली नाही. पुण्याला जायचं तर जुन्नरहून साधारण ९५ किलोमीटर, नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण करत. १ जून १९४८ला पुणे-नगर ही पहिली एसटी धावली आणि पुढे गावोगावी एसटी पोचली, तोच आमच्या आधीच्या पिढीचा आधार होता. ज्याच्या घरी मोटार, त्याच्या दारात रात्री-अपरात्री अख्ख्या आळीतली बाळंतपणं आणि सर्पदंश येत. मोटार एका घराची नसे.

माझ्या सासऱ्यांनी पद्मिनी नोंदवली तेव्हा माझं लग्नही व्हायचं होतं. पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं नंबराची वाट पाहायची असा तो काळ. किती गाड्या बनवायच्या हे सरकारच्या परवान्यावर ठरे. किंमतसुद्धा सरकार ठरवी, आणि त्यावरून कंपन्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या होत्या. मागणी भरपूर, माल थोडा. त्यामुळे हातात आलेली नवी गाडी दुसऱ्या दिवशी विकली तरी वर 'ऑन' मिळे. १९८३मध्ये आमचा नंबर लागला, तेव्हा एक ओळखीचे गृहस्थ दुकानात येऊन बसले आणि नंबर मला द्या, वरचे रोख देतो म्हणाले. सासरे म्हणाले, "कापडावर नफा घेतो तो लावलेल्या भांडवलाचा. नुसत्या रांगेत उभं राहण्याचा कसला नफा?" गाडी घरी आली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिल्लीजवळ मारुती ८०० निघाली आणि सगळंच बदलायला सुरुवात झाली. पण ते आम्हाला जुन्नरात पुढे काही वर्षं जाणवलं नाही.

आराम म्हणाल तर तिच्यात ऐसपैसपणा होता. पुढची सीट सलग, बाकासारखी. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, त्याला सगळे 'हँड गिअर' म्हणत. त्यामुळे पुढे मधे पाय आडवे येत नसत आणि मांडीवर मूल घेऊन तिसरी बाई बसू शके. मागे चार. सीट उंच, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या सासूबाई खुर्चीत बसावं तशा बसत. एसी नव्हता, पण दाराच्या पुढच्या बाजूची छोटी तिकोनी काच वळवली की वारा थेट तोंडावर येई. आचार्य आनंदऋषीजी महाराजसाहेबांच्या दर्शनाला आम्ही आळेफाटा, बेल्हे, आणे घाट करत नगरला जायचो, तेव्हा दोन जावा, सासूबाई आणि चार मुलं एवढी माणसं तिच्यात मावायची. एकदा दर्शन घेऊन बाहेर आल्यावर सासूबाई गाडीपाशी घुटमळल्या. म्हणाल्या, "महाराजसाहेब आयुष्यभर पायी चालले आणि आपण त्यांना बघायला मोटारीतून आलो." घरी येईपर्यंत मग कोणी फारसं बोललं नाही.

त्रासही होते, ते त्या काळच्या सगळ्याच फियाटवाल्यांच्या बोलण्यात यायचे. हँड गिअरच्या सांध्यांना खेळ आला की गिअर अडकायचा. उन्हाळ्यात घाट चढताना इंजिन तापायचं, म्हणून पाण्याचा डबा डिकीत लागायचाच. पावसाळ्यात दारांचे खालचे पत्रे आणि पायाखालची जमीन गंजायची. पण दुरुस्ती सोपी असे. नारायणगावपासून चाकणपर्यंत कुठेही झाडाखालचा मिस्त्री पान्हे घेऊन तिला चालती करून द्यायचा. ॲम्बॅसॅडरवाले आमच्या गाडीला नाजूक म्हणत आणि आम्ही त्यांच्या गाडीला पेट्रोल पिणारी म्हणत असू. त्यांचं इंजिन जवळपास दीड लिटरचं, आमचं १०८९ सीसीचं.

ॲव्हरेजचा हिशोब माझ्याकडे आला, कारण घरात बी.कॉम. झालेली मी एकटी. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर लिहायचे, पुन्हा काठोकाठ भरताना लागलेल्या लिटरांनी भागायचं. माझ्या वहीप्रमाणे पुण्याच्या रस्त्याला लिटरमागे १३ किलोमीटर, जुन्नर-नारायणगाव-ओतूर अशा फेऱ्यांना ११, आणि घोडेगाववरून भीमाशंकरला चढताना ९. टायरमधली हवा कमी असली की साधारण एक किलोमीटर कमी. हे आकडे मला स्तवनांसारखे पाठ झाले होते.

आता ती गोष्ट.

गाडीवर एक ड्रायव्हर होते. सगळं घर त्यांना मामा म्हणायचं, म्हणून इथेही मामाच म्हणते. रोज सकाळी गाडी सुरू करायच्या आधी ते बॉनेट उघडून रेडिएटरचं पाणी बघत, ऑइलची पट्टी पुसून बघत, पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून बघत. डिकीत पाण्याचा पत्र्याचा डबा भरून ठेवत. हे सगळं दहा मिनिटांत, कोणाला न सांगता.

१९८६च्या चातुर्मासात गाडी जवळजवळ उभीच होती. सासरे चातुर्मासात गावाबाहेरचा प्रवास टाळायचे. दिवाळीनंतर गाडी पुन्हा फिरू लागली आणि माझ्या वहीतले आकडे उतरू लागले. ११चे १०, मग ९, मग साडेआठ. तीन महिने मी गप्प राहून नोंदी केल्या. फेब्रुवारीत एके दिवशी दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, मी वही उघडून मामांपुढे ठेवली आणि विचारलं, "मामा, एवढं पेट्रोल जातं कुठे?"

'चोरी' हा शब्द मी वापरला नाही. पण वापरायचं बाकी काय राहिलं होतं? ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली ओट्यावर होती आणि मामा आले नाहीत.

सासूबाई मला एवढंच म्हणाल्या, "तू हिशोब केलास, चौकशी केली नाहीस." मला राग आला. आकडे माझ्या बाजूने होते ना! बी.कॉम.ला ऑडिटिंगच्या पेपरात किंग्स्टन कॉटन मिलचा १८९६चा खटला सगळ्यांना असतो. ऑडिटर राखणदार असतो, शिकारी नव्हे, हे त्यातलं तत्त्व. त्यावर मी पूर्ण मार्क मिळवले होते.

एप्रिल उजाडला. चैत्री आयंबील ओळी चालू होती आणि सासूबाईंनी नऊही आयंबील धरली होती. सहाव्या दिवशी दुपारी त्यांना छातीत कळ आली, घाम फुटला. गावातल्या डॉक्टरांनी ताबडतोब पुण्याला न्यायला सांगितलं. हे गाडी चालवायला बसले, मागे मी सासूबाईंचं डोकं मांडीवर घेऊन. पायाशी त्यांच्या उकळलेल्या पाण्याची स्टीलची बरणी.

मंचर सोडून अवसरी घाट चढताना बॉनेटमधून वाफ आली. गाडी थांबली. पाणी कोणी पाहिलंच नव्हतं. मामा गेल्यापासून ते कोणाचं काम आहे हेच घरात ठरलं नव्हतं. पट्टा सैल होता. डिकी उघडली तर डबा नाही. तो मीच पापडांच्या दिवसांत गच्चीवर नेला होता. दुपारचे दोन वाजलेले, वर ऊन, आजूबाजूला सावली नाही, आणि त्या काळी त्या रस्त्याला दर मिनिटाला गाडी जात नसे.

सासूबाईंनी डोळे उघडले. "पाणी पाहिजे ना गाडीला? माझं घाला."

मी म्हटलं, "तुम्हाला काय राहील?"

"पेलाभर ठेव. गाडी पोचली तर मी पोचेन."

यांनी इंजिन जरा निवेपर्यंत वाट पाहिली, हातावर टॉवेल गुंडाळून झाकण हळूहळू सैल केलं आणि उकळलेलं गाळलेलं ते पाणी थोडं थोडं करून आत ओतलं. पुढे एका मिस्त्रीने सांगितलं की आमच्या विहिरींच्या जड पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचतो. उकळलेल्या पाण्यातला बराचसा क्षार आधीच भांड्याच्या तळाशी बसलेला असतो, त्यामुळे असं पाणी गाडीला बरंच. तेव्हा मात्र मला एवढंच दिसत होतं की माझ्या अविचाराची किंमत सासूबाई आपल्या पिण्याच्या पाण्याने फेडताहेत.

पोचलो. वेळेत पोचलो. पुढे त्या अकरा वर्षं जगल्या.

त्या दवाखान्यात असताना यांनी गाडी पुण्यातल्या एका गॅरेजात दाखवली. मिस्त्रीने प्लग काढून यांच्यासमोर धरले. काजळीने काळे झालेले. चोकची तार पावसाळ्यात उभ्या गाडीत गंजून अर्धवट अडकली होती. आतली दांडी मागे गेल्यासारखी दिसायची, पण कार्ब्युरेटरपाशी चोक पूर्ण उघडतच नव्हता. चोक थोडा जरी ओढलेला राहिला तरी हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातं आणि ते न जळता वाया जातं. पाऊण तासाचं काम. पुढच्या भरण्याला वहीत आकडा आला १२.८.

पेट्रोल कोणी नेलं नव्हतं. ते माझ्या डोळ्यांदेखत धूर होऊन गेलं होतं.

मला तेव्हाच जायला हवं होतं. नाही गेले. आज सांगायला हरकत नाही, लाज वाटली. एका ड्रायव्हरपुढे जाऊन काय म्हणायचं, असा मोठेपणाही मनात होता. रोज प्रतिक्रमण करत होते, रोज चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींना खमावत होते, आणि ओतूरच्या पुढे राहणारा एक माणूस त्यातून वगळत होते.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आजच्या नियमात एक वाहन ठेव. ओतूरपर्यंत." चातुर्मास होता, तरी त्यांनी स्वतःहून सांगितलं.

हे आणि मी गेलो. मामा आता नारायणगावच्या बाजारात भाजीचा टेम्पो चालवत होते. अंगणातच भेटले. मी हात जोडून म्हटलं, "मामा, चोक अडकला होता. माझी चूक झाली, सगळ्यांसमोर झाली. मिच्छामि दुक्कडम्." त्यांना त्या शब्दांचा अर्थ ठाऊक होता. आमच्या घरी ते तीन संवत्सऱ्यांना होते.

ते म्हणाले, "वहिनी, चोक मीच बघायला पाहिजे होता. पण तुम्ही विचारलं असतं तर बघितला असता."

चहा झाला. परत या म्हटलं, ते आले नाहीत. टेम्पोच बरा म्हणाले. निघताना मात्र आमच्या गाडीचं बॉनेट उघडून त्यांनी पाणी पाहिलं आणि पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला.

त्या दिवसापासून वहीत मी पाचवा रकाना घातला, 'पाणी-ऑइल-पट्टा पाहिला, कोणी?' नातवाने विचारलं की हा रकाना मधूनच कसा सुरू होतो, म्हणून हे सगळं लिहावं लागलं.

पद्मिनीचं पुढे काय झालं तेही सांगते. इटलीत फियाट ११०० १९६९मध्येच बंद झाली होती. आपल्याकडे मात्र बंद बाजारपेठेमुळे तीच गाडी थोड्याफार फरकाने आणखी तीस वर्षं निघत राहिली. १९९१नंतर बाजार उघडला, नव्या गाड्या आल्या, आणि २०००च्या सुमाराला पद्मिनीचं उत्पादन थांबलं. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर आज कोहिनूर सिटी उभी आहे. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३पासून रस्त्यावरून गेली. आमची त्याच्या बरीच आधी गेली. परिग्रह सोडताना हात अडखळू नये असं आपण म्हणतो, पण पत्र्याच्या वजनावर तिची किंमत लागली तेव्हा मी आत जाऊन बसले होते.

आता खेड घाटाला, मंचरला, नारायणगावला बाह्यवळणं झाली आहेत. सुनेची गाडी लिटरमागे किती देते ते समोरच्या पडद्यावर आपोआप दिसतं, वही लागत नाही. गाडी तापली तर दिवा लागतो. आकडा घसरला की मात्र तिचाही पहिला प्रश्न तोच असतो, "एवढं पेट्रोल जातं कुठे?" तेव्हा मी तिला सांगते, आधी गाडी तपास, माणूस नंतर.

उद्या सकाळी नियम घेताना 'वाहन'पाशी आलात की जरा थांबा. ते वाहन आपल्यासाठी कोण चालवतं, कोण पुसतं, कोण त्याचं पाणी बघतं, त्याला आठवा. त्याला खमवायचं राहिलं असेल तर संवत्सरीची वाट बघू नका.

जाणता-अजाणता कोणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.